खिडकीतून चहा देणारे मनोहरभाऊ

मनोहरभाऊंच्या घरी कोणीही जा, चहा स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच मिळतो. आत पाय टाकायची सोय नाही. मलाही म्हणतात, "आतलं आत, गुरुजी! बाहेरच्यानं खिडकीतून मागावं." सौंसरच्या आमच्या गल्लीचं मत असं, की हा माणूस बंगलोरहून नोकरीसोबत खूळही घेऊन आला.

त्यांचं काम कर्नलचं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचं स्वयंपाकघर, असं ते मला समजावत. बाहेरच्या प्रोग्रामांना तिथं शिरायला मनाई. आतली खबर त्यांना कोणत्या खिडकीतून द्यायची, ते मनोहरभाऊ ठरवणार.

त्यांची माय लकव्यानं पडून होती, वाचा गेलेली. भाऊंनी तिच्या गादीखाली श्वास ओळखणारी पट्टी ठेवून ती एका छोट्या कॉम्प्युटरला जोडली. आता कर्नलला कळलेला श्वास बाहेर स्क्रीनवर आणायचा कसा? इथं गृहस्थ अडून बसले. कर्नलनं स्वतः हाक मारावी, की फाइलीत मांडून ठेवावं आणि आपण उघडून पाहावं? त्यांच्या बागेतल्या संत्र्याचा सौदा करायला आलेल्या व्यापाऱ्यालाही त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा भाव न बोलताच निघून गेला.

"हाकच बरी," मी म्हणालो. "घरात बिमार माणूस हाये."

"अन् हाक ऐकाले मी नसलो तं? गेली ना हवेत! फाइलचं तसं नाही. कवाही विचारा, सांगते."

फाइल ठरली.

दिवाळीनंतर मायला नागपूरला हलवलं आणि ती तिथंच गेली. दिवस झाल्यावर भाऊंनी पिठाची गिरणी चालेल एवढा इन्व्हर्टर आणला. दिव्यांपुरती जुनी बॅटरी होतीच. घरात माणूस एक, दिवे दोन. गल्ली पोट धरून हसली.

उन्हाळ्यात मी जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद द्यायला भर दुपारी गेलो. खिडकीत कोणी नव्हतं, दार सताड उघडं. पहिल्यांदाच आत शिरलो. मायची खाट रिकामी होती, चादर ताणून घातलेली. उशाशी स्क्रीनवर अक्षरं होती: माय, श्वास चालू.

पंखा बंद होता, तरी चादर हलली असं वाटलं. खोटं कशाला सांगू, हातातला प्रसाद छातीशी धरून मी मारुतीचं नाव घेऊ लागलो.

"भिऊ नका, गुरुजी." भाऊ मागं उभे होते. "नागपूरले नेताना पट्टीची वायर निघाली. मंग नवी खबर आलीच नाही. फाइल जुनीच सांगून राहिली."

"मंग दुरुस्त करा ना."

"एका ओळीचं काम हाये." ते खाटेकडं पाहत राहिले. "ह्या फाइलले कोणी सांगितलंच नाही, माय गेली म्हणून. मी कसं सांगू?"

ती फाइल कॉम्प्युटर चालू असेतोवरच राहते, हे त्यांनीच मग सांगितलं. वीज गेली की पुसली जाते. इन्व्हर्टर कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

आता गल्लीतली वीज गेली की चपला न घालताच मी त्यांच्या खिडकीशी जातो.

"भाऊ, चालू हाये ना?"

"चालू हाये, गुरुजी," आतून आवाज येतो. "चहा घेता का?"