पहिल्या चौकटीतल्या थोरल्या बाई

"मी वरून खाली घसरले कशी?" थोरल्या बाईंनी फोन मुलाच्या नाकासमोर धरला.

खुर्च्या-टेबलांचा हा कारखाना त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला. त्याची वेबसाइट आता मुलगा आणि सून मिळून करत होते. मिळून म्हणजे एकमेकांकडे पाठ करून. दुपारी मुलांच्या वाचनालयाच्या व्यवस्थापक बाई ती साइट फोनवर बघणार आणि खुर्च्या कुणाकडून घ्यायच्या ते ठरवणार. ते काम गेलं तर कारखान्यात माश्या मारत बसायची पाळी. आणि काम येवो न येवो, मालकिणीचा फोटो सगळ्यात वर हवा, ही बाईंची अट.

"आई, पानावर फोटो मांडायची ही पद्धत, फ्लोट," मुलगा म्हणाला. "एकेकाला डावीकडे सरकवायचं, बाकीचे शेजारी मावतात."

"नाही मावले तर?"

"खाली उतरतात."

"म्हणजे मी मावले नाही?"

सून खुदकन हसली आणि तिने आपली पद्धत काढली, फ्लेक्स. "यात सगळे एका रांगेत. जागा असली की फुगतात, नसली की आकसतात. भांडण नाही, तंटा नाही."

बाईंनी फोन पाहिला. पडद्यावर त्या बोटाएवढ्या रुंद आणि शेजारच्या फोटोतल्या कपाटाएवढ्या उंच झाल्या होत्या.

"मला दारात चेंगरलं का गं?"

"शेजारच्या कपाटाची उंची घेतलीत तुम्ही, आई."

"कुणाची उंची उसनी घ्यायची वेळ नाही आली अजून माझ्यावर!"

शेवटी दोघांचं ग्रिड नावाच्या तिसऱ्या पद्धतीवर एकमत झालं. आधी चौकटी आखायच्या, मग ज्याची त्याला चौकट द्यायची. हे बाईंना एकदम पटलं. घरही त्या असंच चालवत. त्यांनी लगेच वाटणी केली. "फोटो तू बसव. सामान ती लावील. आणि एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, सांगून ठेवते!"

दोघांनी आज्ञा तंतोतंत पाळली. इतकी, की एका शब्दाने एकमेकांना विचारलं नाही. मुलाने आईला पहिल्या चौकटीत बसवलं. सुनेनेही सामानाची सुरुवात पहिल्या चौकटीपासूनच केली. तिथे ठेवली लहान मुलांची लाल हातांची खुर्ची. ग्रिड बिचारं कुणाला ढकलत नाही की आकसवत नाही. त्याने एकावर एक ठेवून दिलं. त्यात बाई फोटोत ज्या जुनाट स्टुलावर बसल्या होत्या, ते त्यांनीच मुलाकडून कापून घेतलेलं; आता त्या थेट त्या लाल खुर्चीतच बसलेल्या दिसू लागल्या.

कुणी बघायच्या आत फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर घेतला.

"खुर्च्या तुमच्याच घेईन म्हणते," व्यवस्थापक बाई बोलत होत्या. "बाकी सगळीकडे नुसत्या रिकाम्या खुर्च्या. तुमच्याकडे मात्र एवढ्याशा खुर्चीत त्या भरभक्कम बाई बसल्यात, तरी ती मोडत नाही!"

सुनेने साइट उघडली आणि ओठ दाताखाली धरला. मुलाने डोळेच मिटले.

"खरंच बसल्यात ना? का फोटोची करामत?"

'भरभक्कम' हा शब्द बाईंना चांगलाच झोंबला होता. पण कारखान्याच्या नावाला कुणी करामत म्हणावं?

"आमच्याकडे करामती होत नसतात!" त्या कडाडल्या. "या, डोळ्यांनी बघा!"

"येतेच. जवळच आहे मी."

मुलाने लाल खुर्ची आणली. "आई, राहू दे गं, मी सांगतो त्यांना खरं काय ते."

"तू सांगू नकोस, तू फक्त बाजूला हो."

पाहुणी येऊन बसली, तशी तिच्या देखत बाईंनी श्वास आत ओढला, पदर सावरला आणि खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये स्वतःला उतरवलं. खुर्ची एकदाच कुरकुरली आणि गप्प बसली.

"वा! ठरलं तर. वाचनालयभर याच!" पाहुणी टाळ्या वाजवत उठली.

"बघितलंत?" म्हणत थोरल्या बाई तिला पोचवायला रुबाबात उठल्या.

खुर्चीही उठली.

सून मदतीला धावली, तिला बाईंनी डोळ्यांनीच जागच्या जागी थांबवलं. मग मान ताठ ठेवून, जणू आपल्याकडे पाहुण्यांना असंच निरोप देतात अशा थाटात, त्या खुर्चीसकट दारापर्यंत गेल्या.