मोघे काकांचा बोटोबा

मोघे काकांशी ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला त्यांनी माझा कुर्ता उसवला. मी तो अंगात घातलेला होता.

इकडे अमेरिकेत, फ्रिस्कोत एकांकडे गणपतीची आरती होती. मी प्रसादाची वाटी घेऊन उभी, आणि पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ माझ्या बाहीकडे असं बघत होते की मला वाटलं झुरळ चढलंय. "टीप वाकडी आहे," ते म्हणाले. "उसवा." मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली, टाके कापले, सुईदोरा काढला आणि माझा शिरा संपेपर्यंत बाही पुन्हा शिवून दिली. तो कुर्ता आता पार विटलाय. ती बाही मात्र जशीच्या तशी आहे.

काका बत्तीस वर्षं साताऱ्याकडच्या एका आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायचे. मुलींनी ब्लाऊज आणला की काका तो उलटा करायचे, नाकाजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "उसवा." त्यांच्या हातून पहिल्या फटक्यात पास झालेली विद्यार्थिनी अजून जन्माला यायची आहे. काकू गेल्या तेव्हा मुलगा अमोल त्यांना इकडे घेऊन आला. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. काकांना ड्रायव्हिंग येत नाही. सकाळी सगळ्या गॅरेजची दारं उघडतात, गाड्या जातात, दारं बंद होतात, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत फक्त काका आणि कुरियरची व्हॅन.

बोटोबाचा जन्म अंगुस्तानातून झाला. अंगुस्तान म्हणजे शिवताना सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपी. नात रडत होती म्हणून काकांनी अंगुस्तानावर कापड चढवलं, डोळे-मिशा काढल्या, फेटा बांधला, दोन हात लावले आणि पाठीमागून एक दोरा असा ओवला की बोट वाकवलं की बाहुल्याचे दोन्ही हात जुळतात आणि तो नमस्कार करतो. नात रडायची थांबली. "आजोबा, डू इट अगेन," असं तिने चाळीस वेळा म्हटलं, आणि काकांच्या डोक्यात खेळण्याचा धंदा शिरला. पुढे धातूची टोपी गेली, तिथे जाड कापड आलं, पण नमस्कार राहिला.

मी एका कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी वेळेवर बाहेर पडाव्यात म्हणून त्यांच्या मागे लागणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. काकांनी बोटोबा दाखवल्यावर मला राहवलंच नाही. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या डायनिंग टेबलवर बसले आणि त्यांना समजावलं, की पहिल्या खेपेला सगळं परफेक्ट नको, कमीत कमी चालेल असं काहीतरी बाजारात टाकायचं आणि मग सुधारत जायचं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कमीत कमी चालेल असं," ते म्हणाले, "मी बत्तीस वर्षं नापास केलं."

ऑनलाइन विकायचा प्रयोग आम्ही करून पाहिला. एका बाईने विचारलं, डायनासोर मिळेल का? काकांनी उत्तर दिलं की डायनासोर नमस्कार करत नाही. दुसरीने एक बोटोबा मागवला, तिला त्यांनी आधी तिच्या मुलाच्या बोटाची लांबी, जाडी आणि तो नखं खातो का, हे विचारलं. तिने उत्तरच दिलं नाही. मी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, गिऱ्हाईक नीट नव्हतं.

शेवटी मीच एक दिवस बोटोबा बोटात घालून जुन्या डाउनटाउनमधल्या एका खेळण्यांच्या दुकानात गेले. मालकीणबाई खडूस होत्या, पण बोटोबाने नमस्कार केला आणि त्या हसल्या. ख्रिसमससाठी काउंटर सजवायचं होतं. चोवीस नग डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुकान उघडायच्या वेळी आणून द्या, त्या म्हणाल्या, नाहीतर ती जागा मी दुसऱ्याला देणार. हातात सहा आठवडे होते.

मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "इथे मी अमोलचा बाबा. पोस्टमनसुद्धा मला अमोल म्हणतो. दुकानात माझ्या हाताचं काहीतरी दिसेल." मला फार बरं वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं की काही झालं तरी चोवीस नग त्या काउंटरवर जाणार.

दर गुरुवारी मी घरून काम करते, म्हणून गुरुवार ठरला. मी जेवायच्या सुट्टीत जायचे. शोभाकाकू यायच्या, त्या लेकीकडे राहतात आणि श्वास घ्यायला थांबत नाहीत. आणि समोरचा जिम यायचा, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. त्याच्या बायकोला जाऊन तीन वर्षं झालीत. काका हे त्यांचं नाव आहे असंच तो समजतो, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. जिम कापूस भरायचा, शोभाकाकू फेटे बांधायच्या, मी दोरा ओवायचे, काका प्रत्येक नग उलटा करून नाकाजवळ न्यायचे. "उसवा." हा शब्द जिमलासुद्धा यायला लागला. मी केलेल्या पहिल्या सहा बोटोबांपैकी सहा उसवले गेले. चहा तीनदा व्हायचा. शोभाकाकूंच्या लेकीच्या सासूचं काय काय चुकलं ते आम्हाला, आणि अडखळत्या इंग्लिशमध्ये जिमलासुद्धा, पाठ झालं होतं.

पण आकडा काही पुढे सरकेना. गुरुवारी उठताना मी मोजायचे तेव्हा अठरा असायचे. पुढच्या गुरुवारी येऊन बघावं तर चौदा. एकाची मिशी कलली होती, काका सांगायचे, दुसऱ्याचा नमस्कार ढिला पडला. चौथ्या आठवड्यात मी आवाज चढवला. असं केलं तर दुकान हातचं जाईल, मग मला काही म्हणू नका. काकांनी मान हलवली आणि चहा टाकला. शेवटच्या गुरुवारी मी हट्टाने थांबले, सगळ्यांना थांबवलं, आणि चोवीस पूर्ण करूनच उठले. काकांनी शेवटचा नग तपासला आणि डब्यात ठेवला.

शुक्रवारी दुपारी एक मीटिंग कॅन्सल झाली, म्हणून मी डबा आणायला गेले. शनिवारी सकाळी घाई नको. दार उघडंच होतं. काका टेबलाशी एकटे बसले होते. हातात ब्लेड, समोर सात बोटोबा, सातही उसवलेले. त्यातला एक मी शिवलेला होता. निळा फेटा मला ओळखू आला.

मी तो उचलला, उलटा केला, नाकाजवळ नेला. सहा आठवड्यांत मलाही थोडं कळायला लागलं होतं. ज्या टाक्यांवर ब्लेड अजून पोचलं नव्हतं ते सगळे सरळ होते.

"काका, यात काय चुकलं होतं?"

"काही नाही."

"मग?"

काकांनी ब्लेड खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चोवीस झाले की ते दुकानात जाणार. मग गुरुवारी तुम्ही कशाला याल?"

मला आधी रागच आला. सहा गुरुवार माझं जेवण सुटलं होतं, बोटं टोचून चाळण झाली होती. आणि रागाच्या पाठोपाठ शरम वाटली, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. दोन वर्षं मी चार घरांवर राहतेय. काम निघेपर्यंत मी एकदाही त्यांच्या घरी नुसता चहा प्यायला गेले नव्हते. ज्या दुकानासाठी मी जिवाचा आटापिटा करत होते ते त्यांनाही हवंच होतं. पण त्यासाठी गुरुवार द्यावा लागणार होता, आणि त्यांनी रोज थोडं थोडं करून दुकान सोडायचं ठरवलं होतं.

मी शोभाकाकूंना फोन केला, जिमला हाक मारली. काय झालं ते सांगितलं नाही, फक्त सात नग बिघडलेत म्हटलं. सहा वाजेपर्यंत सात तयार झाले. काकांनी एकही तपासला नाही.

शनिवारी काका कोट घालून आले. मालकीणबाईंनी बोटोबा काउंटरवर ओळीने लावले आणि पुठ्ठ्यावर काकांचं पूर्ण नाव लिहिलं, स्पेलिंग दोनदा विचारून. तेवढ्यात एक छोटी मुलगी आईच्या हाताला धरून आली, तिने एक बोटात घातला आणि बोट वाकवलं. बोटोबाने नमस्कार केला. काकांनी दोन्ही हात जोडून त्याला परत नमस्कार केला. ते सबंध दुकानाने बघितलं, पण काकांना पत्ता नव्हता. मी खिडकीकडे बघत उभी राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते.

गुरुवारी मी गेले. काम नव्हतं, निमित्तही नव्हतं. मला उगाचच संकोच वाटत होता, म्हणून डब्यात चिवडा नेला. बघते तर शोभाकाकू आधीच येऊन बसलेल्या आणि जिमही. टेबल रिकामं. काय करायचं कोणालाच कळत नव्हतं. शोभाकाकूसुद्धा गप्प होत्या, आणि हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

काका आतून टेप आणि एक वही घेऊन आले. चष्मा चढवला.

"हातांना दहाच बोटं," ते म्हणाले. "खाली अजून दहा आहेत. पायाचं माप फार अवघड. दोन-तीन वर्षं तरी सहज जातील."

जिमला मी इंग्लिशमध्ये सांगितलं. त्याने एक क्षण काकांकडे बघितलं आणि मुकाट्याने मोजे काढले. शोभाकाकूंनी पाय पुढे केले. माझी दीडची मीटिंग होती. ती मी कॅन्सल केली आणि मोजे काढले.