नानांचा खुबा दुरुस्तीत आहे

वाडेकर नाना मला पहिल्यांदा भेटले ते लिफ्टमध्ये, आणि तेही उकिडवे बसलेले. गळ्यात लाल पाटी. पाटीवर लिहिलेलं, 'मशीन दुरुस्तीत आहे. चालू करू नये.' मी पिंपळे सौदागरच्या या सोसायटीत नवाच आलेलो. घाबरून विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"झकास हाय की! तळापासून पाचव्या मजल्यापतुर बसायचं, मधी उठायचं न्हाई. बेअरिंग मोकळं पाहिजे, राव."

बेअरिंग म्हणजे खुब्याचा सांधा, हे मला नंतर कळलं. नाना मूळचे चाकणजवळच्या एका खेड्यातले. तिकडच्याच एका कंपनीत मेंटेनन्सला तीसेक वर्षं काढली. तिथे मशीन उघडलं की आधी लाल पाटी लावायची, म्हणजे आत हात असताना कुणी बटण दाबत नाही. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. नाना ती पाटी घेऊन आले आणि त्यांनी ती स्वतःच्याच गळ्यात घातली. पाटी गळ्यात असेपर्यंत काकूंनी त्यांना दळण आणायला पाठवायचं नाही, असा घरात नियम होता. काकू तो पाळत नसत, ही गोष्ट वेगळी.

मी एकदा म्हणालो, "नाना, जिम लावा की."

"कशाला? लोक वजनं उचलाय पैसं देत्यात. माझं पंच्याऐंशी किलो हितंच हाय, फुकट."

ते पंच्याऐंशी किलो घेऊन नाना दिवसभर खाली-वर करत. भाजीच्या गाडीपाशी एक पाय लांब पसरून एका बाजूला बसत, मग दुसऱ्या बाजूला. भाजीवाला बिचारा आधी त्यांना वाट देई, मग कोथिंबीर. सोसायटीच्या मीटिंगला तर कहर झाला. पाण्याच्या टँकरवरून दीड तास भांडण चाललं आणि नाना दीड तास उकिडवे. शेवटी चेअरमन वैतागून म्हणाले, "अहो वाडेकर, खुर्चीवर बसा ना, आम्हाला बघून कळा येतायत!" नानांना तशीच, उकिडव्यानेच, झोप लागली होती.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. मग नानांनी मला इन्स्पेक्टर केलं.

त्यांच्या दारामागे एक तक्ता होता, अगदी कंपनीत असतो तसा. 'डावा खुबा – रोज. उजवा खुबा – रोज. घोटे – एक दिवसाआड. मान – आवाज येतो, लक्ष ठेवणे.' खाली सगळ्यात मोठ्या अक्षरात अंतिम चाचणी: 'हात न लावता खाली, हात न लावता वर.' आणि शेजारी सह्यांचे दोन रकाने. एक काम करणाऱ्याचा, एक तपासणाऱ्याचा.

"दोन्ही सह्या एकाच माणसाच्या चालत न्हाईत," नाना म्हणाले. "तू शिकलेला हाईस."

मी तळवड्याला आयटीत आहे. दिवसाचे दहा तास खुर्चीत असतो आणि वाकून स्वतःच्या पायाचा अंगठा धरायला मला कुबड्या लागतील. तर हा असला मी, रोज सकाळी साडेसहाला, अर्धवट झोपेत, दुसऱ्याचा खुबा तपासायला! नाना खाली छान बसायचे. वर येताना मात्र गाडी अडायची. गुडघे थरथरायचे, चेहरा लाल व्हायचा, आणि शेवटी हात जायचा सोफ्यावर. मी लिहायचो, नापास. चार महिने हेच.

एका सोमवारी मला उशीर होत होता. नानांचा हात सोफ्याला लागला. मी बघून न बघितल्यासारखं केलं, 'ओके' लिहिलं आणि सही ठोकली.

नाना तक्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो टराटरा फाडला.

"खोटी सही? आरं, खोट्या सहीवर इस्वास ठेवून माणूस मशिनीत हात घालतो!"

ते आतल्या खोलीत निघून गेले. मला भयंकर राग आला. एवढं काय, व्यायाम तर आहे! काकू चहा घेऊन बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. मागल्या वर्सी मी न्हाणीत पडले. ह्यांचा खुबा तवा जाम. खाली वाकता येईना. दाराला धरून हुबं ऱ्हायले आन वाचमन येईस्तोर रडत व्हते. मला काय झालं न्हवतं हो. मी खालनं ह्यांचीच समजूत घालीत व्हते."

दुसऱ्या दिवशी मी नवा तक्ता आखून त्यांच्या दारामागे लावला आणि रोज साडेसहाच्या आधीच उठून बसू लागलो.

रोज मला बोलवायला नाना माझं दार वाजवत; पुढे एका रविवारी ते वाजलंच नाही. पावणेसात झाले. मी तसाच समोरच्या त्यांच्या घरी गेलो. दार उघडं, कडीला लाल पाटी. आत स्वयंपाकघरात काकू फरशीवर, ओट्याला टेकून. खालच्या कप्प्यातलं पातेलं काढायला बसल्या आणि पायच उचलेनात. आणि शेजारी नाना, मांडी घालून, त्यांचा हात हातात घेऊन बसलेले. दोघं दुधीचे कोफ्ते करायचे की नुसती भाजी, यावर वाद घालत होते.

मी काकूंना उठवायला पुढे झालो. "थांब," नाना म्हणाले. "तपासणी कर. मी उठतो, मग ती."

एक पाय रोवला. गुडघे थरथरले, चेहरा लाल झाला. ओटा वीतभरावर होता, त्याला नाना शिवलेही नाहीत. सावकाश, कुरकुरत, पूर्ण उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी काकूंना कवेत घेतलं आणि उठवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का लपवू?

मी नवा तक्ता काढून पेन उघडलं.

"नापास लिही," नाना धापा टाकत म्हणाले. "उठताना हिचा हात सोडला न्हाई मी. हात लागला."

"त्यो माझा हात व्हता," काकू पदर सारखा करत म्हणाल्या. "त्यो हिशेबात धरत न्हाईत."

मी 'ओके' लिहिलं आणि ठळक सही केली.

"खोटी सही," नाना पुटपुटले. पण तक्ता काही फाडला नाही.