तांबड्या साडीचे सहा दिवस

मांयच्या, म्हणजे आईच्या, साठाव्या वाढदिवसाला सुनेचा समुद्राखाली काढलेला फोटो द्यायचा, असे नेव्हिलने ठरवले. नेव्हिल मालवणात शाळामास्तर. त्याने एकदा ठरवले की वर्गातली पोरे सुटत नसत, तिथे बायको जॉयसी कुठून सुटणार?

फोटोसाठी जॉयसीने मांयच्या लग्नातली तांबडी साडी नेसायची होती. ती मांयने सुनेला मोठ्या विश्वासाने दिलेली. साडीला आजवर पाणी लागले नव्हते. मांय म्हापशाला लेकीकडे गेली होती, ती वाढदिवसाला, रविवारी येणार होती.

"रंग जायत रे," जॉयसी म्हणाली.

"मांय नवी साडी पयली मिठाच्या पाण्यात भिजयता, रंग पक्को होवक. हंय तर अख्खो दर्या मिठाचो."

जॉयसीने कपाटातून साडी काढली, कारण तिच्या माहेरीही हेच करत.

सोमवारी तिचा भाऊ लिओन दोघांना पाण्याखाली घेऊन गेला. पर्यटकांना बुड्या मारायला नेणे हा त्याचा धंदाच होता. वीस फूट खोलीवर काढलेल्या फोटोत जॉयसी निळी आणि साडी काळपट हिरवी आली. मासे मात्र सुरेख आले होते.

"खोल गेल्यार तांबडो रंगच आदी नायसो होता," लिओन म्हणाला. "वर ये, सूर्य पाठीक घे, तिच्या जवळ जा."

मंगळवारी नेव्हिल आठ फुटांवर थांबला आणि हातभर अंतरावरून फोटो काढला. साडी विटकरी आली. कॅमेऱ्याला पाण्यातच पांढरी वस्तू दाखवून रंग ठरवायचे असतात हे कळल्यावर बुधवारी त्याने मांयच्या चांगल्या सेटमधली बशी खाली नेली. साडी गुलाबी आली. गुरुवारी भिंगावर लाल फिल्टर लावला, तर वाळूसुद्धा गुलाबी झाली आणि साडी वाळूत मिसळून गेली.

शुक्रवारी जॉयसी शिंकत म्हणाली, "माका सर्दी झाली."

"सर्दी फोटोत दिसणा नाय," नेव्हिल म्हणाला, आणि परत बुडी मारली.

शनिवारी फिल्टर काढून पुन्हा बशी धरली आणि फोटो जमला. बशी पांढरीशुभ्र, जॉयसीची लिपस्टिक लालभडक, चेहरा अगदी घरातल्यासारखा. साडी तेवढी कांद्याच्या सालीसारखी फिकट.

"कॅमेरो बिघडलो," नेव्हिल म्हणाला.

जॉयसीने दोरीवरची साडी आणून फोटोशेजारी धरली. दोन्हींचा रंग तंतोतंत एकच होता. नेव्हिल पायरीवर बसला. सहा दिवसांत पहिल्यांदाच त्याला भीती वाटली, आणि ती समुद्राची नव्हती.

रविवारी मांयने फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. "सून बरी दिसता. पण साडी तांबडी होती, नाय?"

नेव्हिलने वर्गात खाकरतो तसा घसा खाकरला. "मांय, पाण्याखाली तांबडो रंग दिसणा नाय. शास्त्र आसा ता."

"असात, असात," मांयने समजुतीने मान डोलावली आणि फोटो टेबलावर ठेवला. जॉयसीने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

"मगे आता तीच साडी नेसव हिका," मांय म्हणाली, "आणि अंगणात उबी करून एक फोटो काढ. थंय पाणी नाय."