चाडीला पत्ता लागतो

आमच्या माधवनगरच्या नानांना तुम्ही खडूस म्हणा, तिरसट म्हणा, ते हसून सोडून देतील. पण त्यांच्या देखत चहाडीला निंदा म्हणालात, तर तुमची धडगत नाही.

परवाच नळावर दोन बायकांची जुंपली होती. एक ओरडत होती, "ही सटवी माझी निंदा करती!" सायकलवरून चाललेले नाना ब्रेक दाबून उतरले.

"कुनापाशी केली?"

"सासूपाशी, दुसरं कुनापाशी!"

"मंग ती निंदा न्हवं, बाई. ती चाडी. निंदा मोकाट आसती, कुटं बी फिरती. चाडीला पत्ता लागतो. आन् तिनं खोटंच सांगितलं आसंल, तर मंग त्यो आळ. शब्द नीट लावा, आन् मंग भांडा."

बायकांनी भांडण तिथेच मिटवलं आणि दोघींनी मिळून नानांना तोंडाने झोडपलं. नाना खूश. "ह्याला म्हंत्यात पानउतारा," असं सांगून ते सायकलवर टांग टाकून निघून गेले.

नाना मूळचे आटपाडीकडचे. सांगलीला एका वकिलाकडे कारकुनी करण्यात त्यांचा जन्म गेला. गावाकडची माणसं येऊन तोंडाला येईल ते बोलायची, आणि नाना त्याची कोर्टाला कळेल अशी मराठी करायचे. कुटाळकी, कंडी, लावालावी, बोभाटा, सगळा माल त्यांच्या हाताखालून गेलेला. "आन् वकीलसायेब समद्याचं इंग्रजीत एकच करायचं, डिफमेशन! आरं, ज्वारी, बाजरी, हुलगं एकाच पोत्यात भरल्यागत झालं की ह्ये!"

या वेडाचं मूळ मात्र त्यांच्याच एका घोटाळ्यात आहे. एकदा गावाकडचा एक जण बांधाच्या भांडणात शेजाऱ्याला नोटीस द्यायला आला. बोलता बोलता म्हणाला, "माझ्या भावाला माझी लय चाड हाय." म्हणजे भावाला माझी काळजी आहे, तो साक्षीला उभा राहील. पण आमच्याकडे चहाडीतला 'ह' कोण उच्चारतो? नानांनी ऐकलं 'चाडी', आणि शेजाऱ्याबरोबर भावालाही नोटीस धाडली. भाऊ काठी घेऊन थेट ऑफिसात! "एका वेलांटीनं सख्खा भाऊ तोडला आसता गड्या," हे सांगताना नाना अजूनही कानाच्या पाळीला हात लावतात. तेव्हापासून शब्द तपासल्याशिवाय ते कुणाची तक्रारसुद्धा ऐकून घेत नाहीत.

तर असे हे नाना. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा विकास बेंगळुरूला कंपनीत. आमची घरं भिंतीला भिंत लागून. गेल्या दिवाळीला आला तेव्हा तो माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, नानांना शुगर आहे. गोडावर जरा लक्ष ठेवा." बायकोने ते फारच मनावर घेतलं. नाना कोपऱ्यावर जिलबी खाताना दिसले की ही इकडून विकासला फोन लावायची. पाचव्या मिनिटाला भिंतीपलीकडे नानांचा फोन वाजायचा आणि विकासची झाडाझडती सुरू व्हायची. आईची पुण्यतिथी आणि दिवाळी सोडली तर एरवी त्याचा फोन नसायचा.

मग नाना तावातावाने आमच्या दारात. "संज्या, माझी चाडी कुनी केली? नाव कळू दे, अब्रुनुकसानीची नोटीसच काडतो!"

"खरं असेल तर कसली अब्रुनुकसानी, नाना?" मी म्हणायचो.

"म्हनूनच चाडी म्हनलं, आळ म्हनलं न्हाई," असं म्हणून ते गुरगुरत परत जायचे.

गंमत अशी, की एवढा संताप होऊनही जिलबी बंद झाली नाही. उलट पूर्वी कोपऱ्यावर चोरून खाणारे नाना आता पुडा घेऊन आमच्याच कंपाउंडच्या कठड्यावर येऊन बसायला लागले. वर मोठ्यांदा खाकरायचे. "सूनबाई, गरम गरम जिलबी हाय बरं का!" बायको चिडायची, फोन फिरवायची. म्हाताऱ्याची जीभ सोकावली, असं आम्ही दोघंही म्हणायचो.

गेल्या आठवड्यात बायको माहेरी पलूसला गेली. संध्याकाळी मी बँकेतून आलो, तर नाना कठड्यावर बसलेले, मांडीवर पुडा.

"सूनबाई कवा येनार हाईत?"

"रविवारनंतर. का हो?"

नाना बराच वेळ सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाई... ह्या आठवड्यात माझी चाडी कुनी केलीच न्हाई, म्हनून इचारलं."

मी पुड्याकडे बघितलं. कागदाला तूप सुटलं होतं, जिलब्या गार झाल्या होत्या, आणि एकीचाही तुकडा मोडलेला नव्हता. इतके दिवस आम्ही त्यांच्या हातातला पुडाच बघत होतो. कठड्यावर बसल्यापासून खाताना बघितलंय कुणी?

"पत्ता तुज्याकडं बी आसंल की रं," नाना उठता उठता पुटपुटले. पुडा त्यांनी शेजारच्या शेळीपुढे उपडा केला आणि घरात गेले.

मी विकासला फोन लावला. आवाज शक्य तेवढा रागीट काढला. "अरे, तुझ्या वडिलांनी आज कहर केला. चार जिलब्या! माझ्या डोळ्यांदेखत!"

थोड्याच वेळात भिंतीपलीकडे फोन वाजला. नानांनी तो लगेच उचलला नाही, दोन-तीनदा वाजू दिला.

"व्हय रं... व्हय, खाल्ल्या. चार... न्हाई खानार आता. तू जेवलास का?... आन् पोरगी? दे की तिच्याकडं फोन..."

मी केली ती चहाडी नव्हती, चक्क आळ होता. जन्मभर शब्द लावणाऱ्या नानांनी त्या दिवशी मात्र काही दुरुस्त केलं नाही.