इंजिनाच्या नाकात रुमाल

"माझा पांढरा रुमाल कुठं घातलास ते आधी सांग, मग इंजिनाचं कौतुक कर." गर्ट्रूडने चुलीपुढूनच नवऱ्याला धरलं.

"मी काय तुझ्या रुमालाची राखण करतो?" फेलिक्स भडकला. रुमाल त्याच्याच खिशात होता. काल इंजिनाचं पितळ पुसायला दुसरं काही हाताला लागलं नव्हतं. लेसचा रुमाल, कोपऱ्यात लाल धाग्याने तिचं नाव, लग्नात तिच्या आईने दिलेला. पितळ मात्र असं चकाकत होतं की त्यात बघून भांग पाडावा.

१८९२ सालचा आगेरा, म्हणजे नव्या भाताचा सण. कोपरीत खाडीकाठी भाताची गिरणी येऊन तीन महिने झालेले, आणि कल्याणच्या रेल्वेत सात वर्षं कोळसा ओढलेला फेलिक्स तिथला इंजिनवाला. एवढं पळणारं इंजिन अख्ख्या ठाण्यात नाही, हे तो रोज कुणाला तरी ऐकवायचाच. सणाचं पहिलं भात दरवर्षी एमिलिया मावशी उखळात कांडायची. यंदा पाद्रीने ते गिरणीत सडायची परवानगी दिलेली. अट एकच: तांदळाला तेलाचा वास आला, तर मान परत मावशीच्या मुसळाला.

आणि इंजिनाला नेमकी तेलकट धूर सोडायची खोड. फिरत्या दांड्याची पेटी चारी बाजूंनी बंद. आत साठलेली वाफ बाहेर जावी म्हणून पेटीवर एक नळी, खिडकीतून वर काढलेली. फेलिक्स तिला इंजिनाचं नाक म्हणायचा. त्या नाकातून शिंतोडे उडायचे. बाहेर अंगणात तर छत्रीखाली पाद्री आणि ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बाया जमलेल्या. तासाभरापुरतं नाक बंद केलं तर काय बिघडतं, असं फेलिक्सला वाटलं. त्याने लाकडाची खुंटी घातली, ती सैल बसली. मग खिशातला रुमाल तिला गुंडाळून हातोड्याने ठोकली. धूर गायब.

पण वाफेला वाट हवी होती. पेटीच्या सांध्यांतून तेल पाझरलं, चक्की फिरवणाऱ्या पट्ट्यावर गेलं. पट्टा घसरायला लागला, तशी पलीकडच्या खोलीतली भात सडायची चक्की मंदावली. दारात एमिलिया मावशी येऊन उभी राहिली.

"दमलं काय रे तुझं इंजिन? मी या वयात दमत नाय."

फेलिक्सच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने इंजिनात वाफ पुरती सोडली. इंजिन थरथरलं, आणि धाडकन असा बार झाला की बायांनी छातीवर क्रूस काढले. खुंटी माडांवरून खाडीत गेली.

फेलिक्स काळ्या तोंडाने बाहेर आला. माफी कशी मागायची ते त्याने जुळवून ठेवलेलं. पाद्री हसत होता.

"सणाला बार काढायचं इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. तुला सुचलं, फेलिक्स."

फेलिक्सची छाती फुगली. "महिनाभर खपत होतो, पाद्रीबाबा."

एमिलिया मावशीने चक्कीतून निघालेला तांदूळ तीनदा नाकाला लावला. "वास नाय येत," ती शेवटी म्हणाली, जड जिवाने. "वास तुझ्या तोंडाला येतो."

पाद्रीला संध्याकाळी अजून एक बार हवा होता. फेलिक्स दोन कबूल करत होता, तेवढ्यात माडाच्या झावळीत अडकलेलं काहीतरी काळं, लेसचं, हेलकावत खाली आलं आणि पाद्रीच्या छत्रीवर पसरलं. बायांतून गर्ट्रूड पुढे झाली. तिने ते उचललं आणि कोपऱ्यातल्या लाल धाग्यावरून बोट फिरवलं.

"पाद्रीबाबा," फेलिक्स म्हणाला, "मला आता निघायला पाहिजे."