झिरो बघा, बाई

सोमवारी सकाळी साडेनऊला नाक्यावरच्या पेट्रोल पंपाचं दोन नंबरचं मशीन इंदुमतीबाई वाघचौऱ्यांच्या घरी कारण विचारायला आलं. गावात तशी पद्धतच आहे. गिऱ्हाईक महिनाभर दुसऱ्या कंपनीच्या पंपावर दिसलं, की जुन्या पंपाने घरी येऊन फॉर्म भरून घ्यायचा.

मशीन पायपुसण्यावर बूड नीट पुसून आत आलं. पंपाच्या नियमाप्रमाणे बाईंच्या यजमानांनी, मुरलीधररावांनी, मोबाईल बंद केला. गॅस पेटवता येईना, म्हणून चहाऐवजी कोकम सरबत झालं.

"अकरा वर्षं माझ्याकडेच येत होता, बाई," मशीन म्हणालं. "फॉर्मवर कारणाचा रकाना कोरा राहिला तर शुक्रवारी माझी बदली खडीच्या क्रशरवर. तिथे नुसते डंपर."

इंदुमतीबाईंना फार वाईट वाटलं. पण खरं कारण सांगायची लाज वाटत होती.

"माप कमी पडलं?"

"छे हो."

"हवेची रांग?"

"ती काय, तिकडेही आहेच."

"मग त्या पंपाला असं काय सोनं लागून गेलंय?"

"सांगून टाक ना एकदाचं," मुरलीधरराव म्हणाले. "पाहुणे किती वेळ उभे राहणार?"

मग मात्र बाईंचा बांध फुटला. "तुम्ही 'झिरो बघा' म्हणता आणि सुटता! मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत तुमचा आकडा सत्तावीसवर. चार वर्षांत मी तुमचा झिरो पाहिलेला नाही. नुसती मान डोलवते."

"तुला चष्मा लागलाय?" मुरलीधररावांनी विचारलं.

"चार वर्षं झाली." बाई पुन्हा मशीनकडे वळल्या. "तिकडचं मशीन थांबतं. चष्मा डोळ्यांवर चढला की मगच सुरू होतं. आपल्यासाठी कुणी थांबलं की बरं वाटतं हो."

मशीनने फॉर्मवर 'चष्मा' असं लिहिलं, आकडे पुसले आणि ते हळूच म्हणालं, "झिरो बघा, बाई."

आणि नेमका चष्मा सापडेना. बाईंनी पर्स उपडी केली, शिलाई मशीनचा खण पाहिला, उशा उचलल्या. मुरलीधरराव पलंगाखाली वाकले आणि तिथूनच, "कुठल्या रंगाचा गं?" म्हणून विचारते झाले. चाळीस मिनिटं गेली. दोन नंबरचं मशीन हॉलमध्ये उभं होतं आणि आकडा शून्यावरून हलला नव्हता. शेवटी चष्मा फ्रीजमध्ये, विरजणाच्या भांड्यावर सापडला.

बाईंनी गार चष्मा पदराने पुसून लावला आणि अगदी जवळ जाऊन पाहिलं.

"दिसला," त्या म्हणाल्या. "छान गोल आहे. आणि टिंबाच्या पुढे अजून दोन आहेत की!"

"मग येणार ना परत?"

"बघते."

गावात 'बघते' म्हणजे 'नाही', हे मशीनला अकरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्याने फॉर्मची घडी घातली, पाइप गोळा केला आणि ते निमूट दाराकडे वळलं.

"अहो, निघालात कुठे?" बाईंनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली. "चष्मा लावून बघते म्हटलं मी. टाकी रिकामी होतच आलीय, चला."

अंगणात त्यांनी स्कूटर सुरू केली आणि मशीन बसेपर्यंत थांबल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "पाइप तेवढा सावरून धरा हं, चाकात जाईल."